बोट लागते का?

दर आठवड्याला या जागी मी दीड रकाना बोलत असतो आणि वाचक ते मुकाट्याने सोसतात. दिवाळी अंकाच्या वेळी मात्र संपादकांना उदारपणाची लहर येते. ‘या खेपेला पाने थोडी जास्त घ्या, पण विषय आनंदाचा असू द्या,’ असा त्यांचा निरोप येतो. विषय आनंदाचाच आहे. फराळाचे डबे रिकामे झाले की पुढच्या शुक्रवारी आम्ही सहकुटुंब बोटीने जाणार आहोत. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्या दिवाणखान्यात दोन बॅगा आ वासून पडलेल्या असतील आणि त्यांत काय भरायचे यावरून चार माणसांत पाच मते झालेली असतील.

कॉलेजात ही बातमी फुटली तेव्हा प्राध्यापकांच्या खोलीत पहिला प्रश्न आला, “जाणार कुठं?”

“गोव्याला.”

“अहो, मग बोटीनं कशाला? रेल्वे आहे की!”

हा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून निघायचे, गोव्याला जायचे, पुन्हा बोटीत बसायचे आणि सोमवारी सकाळी जिथून निघालो तिथेच उतरायचे, याला प्रवास म्हणावे की नाही, याविषयी मलाही शंका होती. मग सवयीप्रमाणे मी शब्दाच्या मागे लागलो. ‘क्रूझ’ हा इंग्रजी शब्द मूळ डच भाषेतून आलेला. इकडून तिकडे, तिकडून इकडे असे आडवे-तिडवे जाणे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे कुठे पोचायचे नाही, ही गोष्ट शब्दातच कबूल केलेली आहे. हा उद्योग सुरू झाला तोही गंमतीनेच. आल्बर्ट बालिन नावाचे एक जर्मन गृहस्थ होते. त्यांच्या कंपनीच्या बोटी अटलांटिक ओलांडून अमेरिकेला जात. हिवाळ्यात उतारू मिळत नसत आणि बोटी नुसत्या उभ्या राहत. उभी बोटसुद्धा पैसे खाते. तेव्हा १८९१ च्या जानेवारीत त्यांनी एक बोट नुसती हिंडायला म्हणून भूमध्य समुद्रात पाठवली. लोक हसले, पण उतारू मिळाले. खास हिंडण्यासाठीच बांधलेली पहिली बोट त्यांनीच १९०० साली पाण्यात सोडली. रिकाम्या बोटीचे काय करायचे या चिंतेतून निघालेली ही चैन सव्वाशे वर्षांनी आमच्या ठाण्याच्या दोन खोल्या-स्वयंपाकघरात येऊन पोचली.

ती आणली आमच्या सौभाग्यवतींनी. आमच्या लग्नाला या मार्गशीर्षात वीस वर्षे होतील. वीस वर्षांत आम्ही महाबळेश्वर तीनदा, कोल्हापूर चारदा आणि तिचे माहेर अगणित वेळा पाहिले. बँकेतल्या तिच्या एका मैत्रिणीने बोटीवरचे फोटो दाखवले तेव्हापासून घरात ‘आपण कधी?’ हा प्रश्न रोज भाजीबरोबर वाढला जाऊ लागला. चिरंजीव अकरावीत आहेत. त्यांनी आईची बाजू घेतली. माझ्या बाजूला फक्त माझे बँकेचे पुस्तक होते, आणि तेही फारसे बोलके नाही.

शेवटी एका शनिवारी आम्ही प्रवासाची तिकिटे काढून देणाऱ्या दुकानात गेलो. तिथल्या तरुणाने आम्हांला थंड पाणी दिले आणि मग आकडे सांगायला सुरुवात केली. वाचकहो, तुमच्यापैकी कुणी या वाटेला जाणार असाल तर एक ध्यानात ठेवा. जाहिरातीत जो आकडा मोठ्या अक्षरांत असतो तो नुसता देव्हाऱ्यातला देव. त्यामागून बंदराचा कर, वस्तू-सेवा कर, बोटीवरच्या सेवकांचे सेवाशुल्क असा सगळा परिवार येतो. चौघांचा हिशेब लाखाच्या घरात गेला तेव्हा मी ते थंड पाणी पुन्हा मागितले.

त्यात खोल्यांचे तीन प्रकार. एक आतली, तिला खिडकी नाही. एक खिडकीची, पण ती खिडकी उघडत नाही. तिसरी सज्जाची, सज्जात दोन खुर्च्या, समोर समुद्र. आतली सगळ्यांत स्वस्त. बोट लांबीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर सर्वांत कमी हलते हे मी वाचून गेलो होतो. तेव्हा मधली, खालची, आतली खोली घ्यावी. पैसेही वाचतील आणि पोटातले अन्नही पोटात राहील, असा माझा युक्तिवाद होता. सौभाग्यवती म्हणाल्या, “खिडकी नसलेल्या खोलीत बसायला आपण समुद्रावर कशाला जायचं? घरी न्हाणीघर आहे!”

प्रश्न तसाच लोंबकळत ठेवून आम्ही घरी आलो.

आईने हा सारा प्रकार अंतरावरून पाहिला होता. ती शहात्तर वर्षांची आहे. पहिल्याच दिवशी तिने जाहीर करून टाकले होते, “तुम्ही तिघं जा. मी घर सांभाळीन.” तिचे गुडघे कुरकुर करतात आणि डोळ्यांना काचबिंदू आहे. मोतीबिंदू काढून टाकता येतो; काचबिंदूचे तसे नसते. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायची, म्हणून रोज रात्री थेंब घालायचे, आणि दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाऊन किती राखली गेली ते मोजून घ्यायचे. नजर कडेने कमी होत जाते. समोरचे दिसते, पण नळीतून पाहावे तसे. देव्हाऱ्यातले निरांजन तिला दिसते, शेजारी ठेवलेली काड्याची पेटी सापडत नाही. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि “थेंब चुकवू नका हं,” एवढेच म्हणाले. आई बाहेरच्या बाकावर बसली होती. मी तिला सांगितले, ठीक आहे म्हणालेत. तिने काही विचारले नाही.

त्या शनिवारी जेवताना खोल्यांचा वाद पुन्हा पेटला. आईने ताकाची वाटी खाली ठेवली आणि विचारले,

“ती बोट हर्णैवरून जाते का रे?”

हर्णै हे आईचे माहेर. हे वाक्य वाचून कोकणातल्या वाचकांना पुढचे बरेचसे कळले असेल. इतरांसाठी थोडे सांगतो.

कोकणरेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत पुरती जोडली गेली ती १९९८ साली. त्याच्या आधी कित्येक पिढ्या कोकणातली माणसे मुंबईला आली ती बोटीने. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी करीत खाली मालवण-वेंगुर्ल्याकडे आणि पणजीला जाई. त्या बोटीवर सज्जाची खोली नव्हती. डेकवर वळकटी पसरायची. जिथे सतरंजी पडली ते आपले घर. पुष्कळ ठिकाणी बोट धक्क्याला लागतही नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव माणसे भरभरून घेऊन जात. बायका, पेट्या, फणस, कोंबड्या, सारे एका पडावात. पावसाळा आला की बोटी बंद. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ पोचला, दर्या निवळला, की पुन्हा सुरू. बोटीचे भयही होतेच. १७ जुलै १९४७ ला रेवसला जाणारी ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी आमचा बेत ऐकताच पहिले नाव काढले ते ‘रामदास’चेच. त्यांचा जन्म त्यानंतरचा. पण कोकणी घरांत ते नाव आईच्या दुधाबरोबर मिळते.

तर आईचे लग्न १९६९ साली झाले आणि लग्नानंतर ती हर्णैच्या बंदरातून मुंबईला आली. त्या दिवशी बोट चार तास उशिरा आली, अंधार पडला. माझे आजोबा लेकीला पोचवायला पडावातून बोटीपर्यंत आले, हातात कंदील घेऊन. ती वर चढली. पडाव परत फिरला. पुढचे तिने आम्हांला लहानपणी अनेकदा सांगितले आहे. पण त्यात माझ्या वडिलांना बोट कशी लागली, नवी नवरी हातात लिंबू धरून रात्रभर नवरदेवाची पाठ कशी चोळत होती, हाच भाग ती रंगवून सांगे आणि बाबा वर्तमानपत्रात तोंड खुपसत. कंदिलाचे तिने त्या रात्री ताटावर प्रथमच सांगितले. पडावातला कंदील बराच वेळ दिसत होता, मग किनाऱ्यावरच्या दिव्यांत कुठला तो कळेना, मग सगळेच दिवे गेले आणि दीपगृहाचा दिवा तेवढा राहिला. लागायचा, विझायचा, लागायचा.

दुसऱ्या वर्षी जुलैत आजोबा गेले. तार आली. पावसाळा असल्यामुळे बोटी बंद. ती एस.टी.ने निघाली, महाडला पुराने अडकली आणि तिसऱ्या दिवशी हर्णैला पोचली. पुढे ती माहेरी गेली ती एस.टी.नेच. मामांनी घर विकले त्यालाही आता वीसेक वर्षे झाली. समुद्राकडून तिने हर्णै पुन्हा पाहिले नाही.

“वरून नाही जात, आई,” मी म्हटले. “लांबून जाते. आणि रात्र असेल.”

“रात्रच होती,” आई म्हणाली. “दिवा आहे ना तिथं अजून?”

त्या रात्री मी आणि चिरंजीव नकाशा उघडून बसलो. दिवा आहे. हर्णैच्या कनकदुर्गावर दीपगृह आहे. पण तो बोटीवरून दिसेल का? मी बोटीच्या कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक बाई गोड आवाजात म्हणाल्या, “सर, हर्णै हे डेस्टिनेशन आमच्या लिस्टमध्ये नाही.” मला तिथे जायचे नाही, नुसते पाहायचे आहे, असे सांगितल्यावर त्यांनी मला पुन्हा संगीताच्या स्वाधीन केले.

मग पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना शरण गेलो. हे गृहस्थ चहाच्या कपातली साखरसुद्धा सूत्राने ढवळतात. त्यांनी परीक्षेच्या एका कोऱ्या पुरवणीवर हिशेब मांडला. पृथ्वी गोल असल्यामुळे माणसाला क्षितिजापलीकडचे दिसत नाही. डोळ्यांची उंची मीटरांत घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला ३.५७ ने गुणायचे, की क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळते. बोटीचा वरचा सज्जा पाण्यापासून २५ मीटर उंच धरला तर क्षितिज १८ किलोमीटरवर. दीपगृहाचा दिवा ३६ मीटर धरला तर त्याचे क्षितिज २१ किलोमीटरवर. दोन्हींची बेरीज ३९. म्हणजे बोट किनाऱ्यापासून ३९ किलोमीटरांच्या आत राहिली, हवा स्वच्छ असली आणि दिव्यात तेवढा जोर असला, तर तो दिसायला हरकत नाही. वेळ? मुंबईपासून हर्णै सुमारे ७० सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरांचा. बोट ताशी पंधरा सागरी मैलांनी गेली आणि सहाला सुटली, तर साडेदहा-पावणेअकराला ती हर्णैसमोर असेल.

“पण एक लक्षात घ्या,” ते म्हणाले, “बोट दक्षिणेला जाणार. किनारा डाव्या हाताला. तुमची खोली डावीकडची हवी.”

झाले! खालची, आतली, स्वस्त खोली त्या क्षणी बुडाली. आता सज्जा हवा, आणि तोही डावीकडचा. वरच्या उघड्या डेकवर कुणालाही जाता येते हे खरे. पण रात्री पावणेअकराला तिथल्या वाऱ्यात, गाण्याच्या गोंगाटात आणि लखलखाटात आईला उभे करून एक लुकलुकता दिवा शोधायचा म्हणजे तिच्या गुडघ्यांची आणि डोळ्यांची दोघांचीही परीक्षा. सज्जात मात्र खोलीचे दिवे मालवता येतील, खुर्चीवर शाल पांघरून बसता येईल. जादा पैसे किती, ते मी इथे लिहीत नाही. माझ्या या सदरातल्या निवडक लेखांचा संग्रह स्वखर्चाने छापायचा म्हणून मी परीक्षकाचे मानधन काही वर्षे बाजूला टाकत होतो, ते त्यात गेले. वाचकांची एका संकटातून सुटका झाली, असे माझे सहकारी म्हणतात.

एवढे करून दुकानातला तरुण म्हणतो, “सज्जा नक्की, पण डावी-उजवी बाजू आधी सांगता येत नाही. खोलीचा नंबर मागाहून कळेल.” दोन रात्री मला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी पदार्थविज्ञान पुन्हा भेटले. मी गाऱ्हाणे मांडले. त्यांनी शांतपणे विचारले, “परत येणार आहात ना?”

“म्हणजे?”

“येताना बोट उत्तरेला जाईल. किनारा उजवीकडे. डावी मिळाली तर जाताना दिसेल, उजवी मिळाली तर येताना.”

मी एम.ए. आहे, वीस वर्षे शिकवतो आहे, आणि हे मला सुचले नव्हते. घरी येऊन मी आईला सांगितले की उजवी बाजू मिळाली तर मात्र पहाटे साडेतीनला उठावे लागेल. आई म्हणाली, “साडेतीनला मी जागीच असते. तुम्हांला कुठं ठाऊक आहे!”

आता प्रश्न राहिला बोट लागण्याचा. इंग्रजीत याला समुद्राचा आजार म्हणतात. मराठीने समुद्राला दोष दिलेला नाही. मराठीत बोट लागते. ‘लागणे’ या क्रियापदापाशी मी वर्गात दरवर्षी एक तास घालवतो. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, दिवा लागतो, तो आपला मामा लागतो. बोट बंदराला लागते आणि उतारूला बोट लागते. परक्या माणसाने या एका क्रियापदापायी मराठीचा नाद सोडावा. कारण मात्र साधे आहे. डोळे सांगतात, खोली स्थिर आहे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो, सगळे हलते आहे. मेंदूला कुणाचे ऐकावे कळत नाही आणि त्याचा राग पोटावर निघतो. म्हणून क्षितिजाकडे पाहत बसावे. मग डोळे आणि कान यांची साक्ष जुळते.

आमच्या घरात यावर उपाय म्हणून पूर्वीपासून एक गोळी आहे, घाटातल्या एस.टी.साठी ती डब्यात असतेच. सौभाग्यवतींनी तिची अख्खी पट्टी बॅगेत टाकली. सहज म्हणून मी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारले आणि बरे झाले विचारले. या जातीच्या काही गोळ्या काचबिंदूच्या काही प्रकारांत चालत नाहीत. डोळ्यांतला दाब वाढू शकतो. “आजींना मला विचारल्याशिवाय एकही द्यायची नाही,” असे त्यांनी बजावले. तुमच्या घरी कुणी काचबिंदूचे असेल तर हे लक्षात ठेवा. औषधाच्या दुकानात ही गोष्ट कुणी आपण होऊन सांगेलच असे नाही.

म्हणजे आईला गोळीवाचून जायचे. आले, आवळासुपारी आणि क्षितिज, एवढेच. आणि क्षितिज रात्री दिसत नाही.

बाकी तयारीविषयी थोडक्यात सांगतो. देशातल्या देशात जायचे असल्यामुळे पारपत्र लागत नाही, आधारकार्ड पुरते. इस्त्री, चाकू, जादा तारांचे बोर्ड आणि मेणबत्त्या नेता येत नाहीत. बाहेरचे खाणेपिणेही चालत नाही. आईने वीस बेसनलाडू बाजूला काढले होते, ते आता काकूंकडे जातील. बोटीवर पहिल्याच दिवशी सगळ्यांना कवायतीला जावे लागते. जीवरक्षक जाकीट कुठे, आपली होडी कुठली, ते समजून घ्यायचे. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही बोट कलंडली, तेव्हा नुकत्याच चढलेल्या कित्येक उतारूंची कवायत व्हायची होती. तेव्हापासून नियम कडक झाले. निघण्यापूर्वी किंवा निघाल्याबरोबर ती झालीच पाहिजे. संकटाची खूण म्हणजे भोंग्याचे सात आखूड आणि एक लांब आवाज. सात लघू आणि एक गुरू! हे कुठल्याच वृत्तात बसत नाही, असे मी म्हणालो; चिरंजीवांनी हसण्याची तसदी घेतली नाही. त्यांना दुसरेच दुःख होते. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांतले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग याच वाटेवर आहेत. सुवर्णदुर्ग तर हर्णैच्या समोरच. खांदेरी फार तर तिन्हीसांजेला ओझरता दिसेल आणि उरलेले तीन रात्रीच्या अंधारात मागे पडणार. “आजीचा दिवा दिसला तर सुवर्णदुर्ग त्याच्या शेजारी आहे असं समज,” असे त्याच्या आईने त्याला सांगितले.

नारळावरून मात्र थोडे वाजले. आईला हर्णैसमोर समुद्रात नारळ सोडायचा होता. बोटीवरून समुद्रात काहीही टाकायला सक्त बंदी आहे, हे चिरंजीवांनी नियम उघडून दाखवले. आई म्हणाली, “नारळ म्हणजे काय कचरा आहे?” यावर आंतरराष्ट्रीय कायद्यातही उत्तर नसावे. शेवटी नारळ भाऊच्या धक्क्यावरून सोडायचा असे ठरले. तिथे आम्हांला जायचेच होते. कारण गोळीवाचून बोट लागते की नाही, याची रंगीत तालीम करायची होती.

भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत मोटारीसुद्धा पोटात घेऊन जाणारी मोठी रो-रो बोट २०२० पासून सुरू आहे. तासाभराचा प्रवास. गेल्या महिन्यातल्या एका रविवारी आम्ही चौघे दुपारी निघालो. धक्क्यावर उतरल्यावर आई थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “वास तोच आहे.” सुक्या मासळीचा आणि तेलाचा वास होता. सूनबाईंनी नाकाला पदर लावला होता.

नारळ सोडला. एका कोळ्याच्या पोराने तो पाच मिनिटांत वर काढला, हे आईला कुणी सांगितले नाही.

जाताना आई खिडकीपाशी आले चघळत बसली. बोट बंदराबाहेर पडताच हलू लागली. मी क्षितिजाकडे नजर लावली होती, तरी मांडव्याला उतरेपर्यंत माझा चेहरा हिरवा झाला असे सौभाग्यवतींचे म्हणणे. मला बोट लागली! आईला काही झाले नाही. ती माझी पाठ चोळत म्हणाली, “अगदी बापावर गेलाय.” आणि पिशवीतून लिंबू काढले. ते तिने न सांगता आणले होते.

परतीची बोट आम्ही मुद्दाम संध्याकाळची घेतली. मुंबईच्या जवळ आलो तोवर काळोख पडला होता. पाण्यावर बोयांचे लाल-हिरवे दिवे, नांगरून पडलेल्या मोठ्या जहाजांचे पिवळे दिवे, पलीकडे शहराचा नुसता लखलखाट. बंदराच्या तोंडाशी एका खडकावर दीपगृह आहे. त्याचा दिवा मधूनच चमकून जात होता.

“दिसला का, आई?” मी विचारले.

ती सगळीकडे पाहत होती. “खूप दिवे आहेत रे. कुठला?”

मी बोट दाखवले. माझे बोट तिला दिसेना. सूनबाई म्हणाल्या, “त्या मोठ्या जहाजाच्या डावीकडे बघा ना.” जहाज सापडेना. दिवा चमकला आणि गेला. आणखी चमकला. मला एकदम वाटले की आपण हे भलतेच काय मांडून बसलो आहोत! सज्जा, वर्गमूळ, डावी बाजू, साडेतीन... आणि तिला दिसलाच नाही तर?

तेवढ्यात चिरंजीव उठले. आजीच्या मागे जाऊन त्याने तिची हनुवटी आणि कानशील दोन्ही हातांत धरले, न्हावी धरतो तसे, आणि तिचे डोके हळूहळू फिरवले. थोडे उजवीकडे. थोडे खाली. “आता हलू नकोस, आजी. डोळे मिटू नकोस. थांब हं.”

आम्ही थांबलो.

“लागला,” आई म्हणाली.

मग थोड्या वेळाने, “गेला.”

मग पुन्हा, “लागला.”

धक्का येईपर्यंत तो तसाच तिचे डोके धरून उभा होता. बोट धक्क्याला लागताना चांगलाच हिसका बसला, तरी त्याने हात सोडले नाहीत.

काल खोलीचा नंबर कळला. बाजू उजवी आहे. घड्याळाला पहाटे सव्वातीनचा गजर लावायचे काम माझ्याकडे दिले आहे आणि आईने पिशवीत दोन लिंबे जास्त टाकली आहेत.